बाराव्या खुर्चीतले पाय

पट्टीमावशीला गोड बोलता येत नसे. सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये एकतीस वर्षं जखमा साफ करण्यात गेली, तिथे गोड बोलायला फुरसत कोणाला होती? "पाय इकडे. रडायचं तर रड, पण पाय हलवू नकोस." एवढंच तिचं बोलणं. प्रार्थनाही तशीच आखूड. डोळे मिटायची, "प्रभू, हात स्थिर ठेव" म्हणायची आणि कामाला लागायची.

निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं, आता बाई घरी बसेल, नातवंडं खेळवेल. मावशीने पहिल्याच गुरुवारी कात्री, चिमटा आणि गॉझ पिशवीत भरलं आणि चर्चच्या मागच्या व्हरांड्यात जाऊन बसली. तिथे नळ होता, अख्ख्या आवारात तेवढाच एक. हमाल, हातगाडीवाले, साखरेच्या आजाराने पाय चिघळलेले म्हातारे, दवाखान्याच्या रांगेत ज्यांचा नंबर कधी लागायचाच नाही असे सगळे तिथे येऊ लागले. सून म्हणायची, "आई, जरा आराम करा की. देवाचं काम बसूनही होतं."

"बसूनच करते. स्टूल आहे," मावशी म्हणायची.

सात वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग कमिटीचे अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांना सगळे मागून फाईलकाका म्हणत, कारण कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी जगातच नसायची. माणूस वाईट नव्हता, पण नाक भारी नाजूक. रविवारच्या उपासनेत जखमांचा वास येतो, असा त्यांनी ठराव मांडला. जखमा गुरुवारच्या आणि वास रविवारी, हे कसं, असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमवारी फाईलकाकांनी नळाची मूठ काढून खिशात टाकली. पाणीच नाही म्हटल्यावर मावशी बसणार कशी?

वर तिला वाईट वाटू नये म्हणून मान दिला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी संध्याकाळी पाळक बारा जणांचे पाय धुतात. त्या बारा खुर्च्यांसाठी चर्चमध्ये काय चुरस लागायची, ते विचारू नका. यंदा बारावी खुर्ची मावशीची, असं पत्र घरी आलं. सोबत छापील सूचना होत्या. पाय घरून स्वच्छ धुऊन यावेत. नखं कापलेली असावीत. फक्त उजवा पाय पुढे करावा.

हसू येतं ना? पण तिथे दरवर्षी हेच चालायचं. माणसं टाचा घासून, साबण लावून, पावडर टाकून यायची आणि पाळकसाहेब धुतलेले पाय पुन्हा धुवायचे. पाण्याचा रंगसुद्धा बदलायचा नाही.

मावशीने सूचना दोनदा वाचल्या. रागाने तिचे कान तापले. मान हवा होता कोणाला? तिला नळ हवा होता. सुनेने विचारलं, "आई, कोणते कपडे इस्त्री करू?"

"माझे राहू देत. तुझ्या नवऱ्याचा एखादा जुना सदरा काढ."

गुरुवारी संध्याकाळी तो सदरा घालून बाराव्या खुर्चीत बसला होता बाजारातला एक हमाल. उजव्या पावलाला मळकट फडकं गुंडाळलेलं, आतली जखम दहा दिवसांची. मावशी पिशवी घेऊन त्याच्या मागे उभी. तो हळूच म्हणाला, "मावशी, सगळे बघतायत. मी जातो."

"बस. पाय हलवू नकोस."

फाईलकाका पहिल्या रांगेतून उठून आले. "मावशी, यादीत तुमचं नाव आहे."

"मग खुर्ची माझी. माझ्या खुर्चीत कोणाला बसवायचं ते मी ठरवते."

यंदाचे पाळकसाहेब नवे, कोवळे होते, त्यांचं पहिलंच वर्ष. अकरा जणांचे पाय धुऊन ते गुडघ्यांवर सरकत बाराव्या खुर्चीपाशी आले. मावशीने फडकं सोडलं. पुढच्या रांगांतले रुमाल नाकाला गेले. पाळकसाहेबांनी मात्र, हे कबूल केलं पाहिजे, मान फिरवली नाही. त्यांनी घंगाळ पुढे ओढलं.

मावशीने त्यांचा हात धरला.

"या पाण्यात नाही, पाळकसाहेब. अकरा जणांचे पाय झालेत यात. जखम आहे याची, चिघळेल. ताजं पाणी आणा."

इतक्या वर्षांत त्या घंगाळातलं पाणी कधी बदललं नव्हतं, आणि आज पुढच्या रांगेचे पाय एका हमालाच्या पायापुढे अस्वच्छ ठरले होते. पाळकसाहेबांनी पितळी जग उचलून पाहिला. रिकामा. दुपारी फाईलकाकांनी स्वतः नळ सोडून तो एकच जग भरून ठेवला होता.

मावशी वळली आणि फाईलकाकांपुढे हात पसरला.

"मूठ."

दोनशे माणसं बघत होती. फाईलकाकांनी कोटाचा डावा खिसा चाचपला, मग उजवा, जणू ती कुठे आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अखेर मूठ काढून तिच्या हातावर ठेवली. मावशी मागे गेली, नळ सोडला, जग भरून आणला.

"कसा धुऊ?" पाळकसाहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"वरून धार सोडा. चोळायचं नाही. आणि आधी म्हणा, प्रभू, हात स्थिर ठेव."

त्यांनी म्हटलं. पाणी काळं झालं, मग तांबूस. मावशीने तीनदा ताजं पाणी आणलं. जखम कोरडी करून पट्टी बांधली, गाठ तपासली. हमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने पाय हलवला नाही.

उपासना संपल्यावर फाईलकाका व्हरांड्यात आले. मावशी स्टूल धूत होती.

"मावशी, ती मूठ कमिटीची मालमत्ता आहे. कागदावर काय लिहू मी?"

मावशीने नळ घट्ट बंद केला, मूठ काढली आणि चिमट्याशेजारी पिशवीत टाकली.

"लिहा, मावशीकडे आहे."