तुडवणीची रांग

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी वकिलीची सनद घेतली. त्याआधी वसईतल्या एका शाळेत भूमिती शिकवत होतो. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय असल्यामुळे न्यायालयात माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही धड पोहोचत नसे, आणि प्रतिपक्षाचे वकील मला सर्वांदेखत 'गुरुजी' म्हणत.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मिठागरांतल्या मजुरांचे खटले माझ्याकडे येत, कारण नावाजलेले वकील ते घेत नसत. त्यांतला एक मला अजून झोपेतून उठवतो.

पावसाळा सरला की मीठ पिकवण्याआधी वाफ्यातला चिखल पायांनी तुडवून टणक करावा लागतो. त्या दिवसांत मीठ निघत नाही, म्हणून मालक मजुरीही देत नसे. त्या वर्षी सहा जणांनी मुकादमाला सांगितले, की तुडवणीचे दिवस मजुरीत धरले नाहीत तर उद्यापासून आम्ही वाफ्यात उतरणार नाही. ते पुन्हा कामाला लागल्यावर मीठ ओढायचे लांब दांड्याचे लाकडी फावडे घेऊन मुकादम मागून आला. पहिला घाव एकाच्या खांद्यावर बसला. तो गुडघ्यांवर कोसळताच दुसरा डोक्यावर. कवटी फुटली आणि तो चिखलात तोंड खुपसून जागीच मेला. शेजाऱ्याच्या उजव्या हाताची बोटे चेचली गेली, आणि आरोपी ठरला तो हा शेजारी. मुकादमाची फिर्याद अशी, की हे दोघे कुदळी उगारून समोरून धावून आले आणि त्याने केवळ आपला जीव वाचवला. ती खरी ठरती तर माझा अशील तुरुंगात गेला असता, आणि तुडवणीच्या मजुरीचे नाव पुन्हा कोणी काढले नसते.

कोण कुठे उभा होता, हे मी प्रत्येकाला विचारले होते. प्रत्येकाने एकच उत्तर दिले, "रोजच्यावानी, सायेब." मी ते उतरवून घेतले. मिठागर माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर होते. तिथे मी कधी पाऊल ठेवले नव्हते, आणि 'रोजच्यावानी' म्हणजे कसे, हे विचारण्याची मला लाज वाटली.

सुनावणीच्या दिवशी डॉक्टरांचा अहवाल पुन्हा वाचला गेला. मृताच्या डाव्या खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंत काळानिळा वळ होता, पण मध्ये चार बोटे जागा कोरी होती. हा लेखनातला दोष असावा, असे मी इतके दिवस समजत होतो. पाठ केलेले भाषण मला आठवेना. अडलेल्या शिक्षकाने मुलाला फळ्यापाशी पाठवावे, तसे मी साक्षीदार असलेल्या उरलेल्या चौघांना आणि आरोपीला त्या दिवशीसारखे उभे राहायला सांगितले. न्यायाधीशांनी नाराजीनेच परवानगी दिली.

"गुरुजी आता हजेरी घेणार," प्रतिपक्षाचे वकील म्हणाले. लोक हसले.

ते पाच जण ओळीत उभे राहिले. प्रत्येकाने उजवा हात शेजाऱ्याच्या डाव्या खांद्यावर ठेवला. तुडवताना कोणी घसरू नये, म्हणून ही रीत. पण मध्ये एका माणसाची जागा त्यांनी न सांगता मोकळी सोडली होती. आरोपीचा वाकड्या बोटांचा हात त्या मोकळ्या जागेवर, खांद्याच्या उंचीवर, हवेतच थांबला. हसणे थांबले.

न्यायाधीशांनी ती जागा कोणाची, असे विचारले.

"त्याचीच. वरीस सरल्याबिगर तिथं कोनी उबं राहत नाय," आरोपी म्हणाला. "माजा हात त्याच्या खांद्यावं व्हता, सायेब. कुदल उगाराया आमचं दोनी हात मोकलं कुटं व्हतं?"

वळातली कोरी जागा म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळले: घाव बसला तेव्हा तिथे आरोपीची ही बोटे होती. ते इतरांना समजावताना माझा आवाज फुटला. पण तो शेवटच्या बाकापर्यंत गेला, असे मागाहून लोक सांगत.

तो सुटला. मुकादमावर खुनाचा खटला उभा राहिला. मालकाने त्याला जामिनावर सोडवून पुन्हा बांधावर आणले. न्यायालयाच्या पायरीवर माझ्या अशिलाने एवढेच विचारले, "आन तुडवनीचं?" त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल, असे मी पुटपुटलो.

पुढच्या तुडवणीला मी प्रथमच मिठागरावर गेलो. वर्ष भरायला काही दिवस बाकी होते. रांगेत ती जागा तशीच होती. मागे बांधावर मुकादम फावडे घेऊन उभा. मी त्याच्या आणि रांगेच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. त्याने फावड्याचा दांडा माझ्या छातीत खुपसून मला खाली लोटले. चष्मा चिखलात गेला, ओठ फाटला. उठून मी पुन्हा त्याच जागी उभा राहिलो. त्याने आणखी दोनदा लोटले. रांगेतले पाय थांबले नाहीत, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या.

तुडवणीच्या मजुरीचा अर्ज मी घरी येऊन सुजलेल्या ओठानिशी लिहिला. तो मंजूर व्हायला दोन हंगाम लागले. मात्र कोण कुठे उभे राहून काम करतो, हे त्यात लिहिताना मला कोणाला विचारावे लागले नाही.