सुहासिनीकाकूंची विहिरीतली मान

पलंगावर पालथं झोपा. आता हनुवटी उचला आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहा. पाच मिनिटं. मानेच्या मागे, केस संपतात तिथे, ओढल्यासारखं वाटतंय? सुहासिनीकाकू रोज पाऊण तास अशाच पोहत होत्या.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्यावर भाड्याने. काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे सात छावण्या फिरताना काकूंना पोहण्याचे तलाव दिसले ते कुंपणापलीकडून. २००३च्या एप्रिलमध्ये सोसायटीचा तलाव सुरू झाला. सात ते आठ बायकांचा तास. पहिल्या दिवशी सर्वांत आधी काकू उतरल्या. वय चौपन्न.

पंधरा दिवसांत मान आखडली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात फरक पडला नाही तर पोहणं बंद.

"आयुष्यात पहिल्यांदा हक्काचं पाणी मिळालंय," काकू मला म्हणाल्या, "आणि हे म्हणे बंद!"

"म्हशीसारखं डोकं वर काढून पोहतेस, दुसरं काय होणार?" पेपरमागून काका.

"म्हशीची मान दुखलेली ऐकलीय का कधी?"

"ती डॉक्टरकडे जात नाही, एवढंच."

मी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला आहे. कुठल्या भागावर किती भार येतो, हेच दिवसभर बघायचं. रविवारी काठावर बसून मी काकूंना बघितलं. डोकं वर, म्हणून कंबर आणि पाय खाली. बुडणारे पाय उचलायला आणखी जोर, आणि मान सगळा वेळ ताणलेली. उपाय सोपा होता. नजर तळाकडे, मान पाठीच्या रेषेत. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही. खांद्यासकट सगळं अंग कुशीवर वळवायचं, एक कान पाण्यातच ठेवून.

काकूंनी नीट ऐकलं, पोहायचा चष्मा लावला, चेहरा पाण्यात घातला. तीन हात मारले आणि डोकं वर. परत तीन हात, परत डोकं वर.

"काय होतंय, काकू? नाकात पाणी जातंय?"

"छे गं. वरून कोण उडी मारतंय ते दिसत नाही ना!"

काकू गावच्या विहिरीत शिकल्या, पाठीला भोपळा बांधून. विहीर अरुंद, आणि वरून भावंडांच्या धडाधड उड्या. वडिलांनी पहिला धडा दिला तो नजर काठावर ठेवायचा. एकदाच नजर चुकली, तेव्हा चुलतभाऊ पांडू थेट पाठीवर आदळला होता.

"पण इथे उडी मारायला मनाई आहे. बोर्ड लावलाय."

"बोर्ड मला कळतो गं. मानेला कुठे वाचता येतो?"

हे काही माझ्या हिशेबात नव्हतं. मी जरा विचार केला आणि काठावर उभी राहिले. "तुम्ही खाली बघा. वरचं मी बघते."

"बघशील ना? इकडेतिकडे नाही ना बघणार?"

"बिल्कुल नाही."

काकूंनी चेहरा पाण्यात घातला. त्या श्वासाला वळल्या की मी ओरडायचे, "वर कोणी नाही, काकू!" दुसऱ्या फेरीला शेजारच्या दोघी पंजाबी बायकाही सुरू झाल्या, "ऊपर कोई नहीं, आंटीजी!" काकूंना पाण्यातच हसू फुटलं, ठसका लागला, पण पाय वर आले होते. तलावाचं दुसरं टोक त्यांनी मान न उचलता गाठलं.

असं आठवडाभर चाललं. मग त्यांनीच मला खाली बसायला सांगितलं. महिना संपायच्या आत मान मोकळी झाली. डॉक्टरांनी डावी-उजवीकडे वळवून बघितली आणि म्हणाले, पोहा खुशाल.

त्या दिवशी काकू तलावातून बाहेर आल्या, टोपी काढली, आणि निथळत तशाच काठावर बसल्या.

"इथल्या तळाची एकेक फरशी मला पाठ झालीय," त्या म्हणाल्या. "पण आमच्या विहिरीत मी दहा वर्षं पोहले, एकदाही खाली बघितलं नाही. काय असेल गं तिथे तळाशी?"