जुनं काय राहून गेलं

एकोणनव्वद साली आमच्या नागपूरच्या घरातल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. विकणाऱ्याने नवा बसवला, तरी पडदा काळाच. तो म्हणाला, “आता दुसरा कॉम्प्युटर घ्या.” पण आत बायकोचा कापसाच्या किडींवरचा पीएचडीचा प्रबंध होता आणि चार दिवसांत तो द्यायचा होता.

शेवटी मी सीताबर्डीवरच्या एका टीव्ही मेकॅनिकला घरी आणलं. त्याने कॉम्प्युटर कधी उघडलाही नव्हता. त्याने नवा बोर्ड काढून बाजूला ठेवला आणि खालचा रिकामा पत्रा बोटांनी सावकाश चाचपला.

“सारे नवं काय लावलं थे पाहतात गा. मी जुनं काय राहून गेलं थे पाहतो.”

जुन्या बोर्डाची एक पितळी खुंटी तिथेच राहिली होती आणि नव्या बोर्डाला खालून टेकून शॉर्ट सर्किट करत होती. त्याने ती काढली, बोर्ड परत बसवला, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. बायको ओरडलीच, “आलं!”

तो खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला.

“आता सांगा बाई, हे करते तरी काय?”

तिने प्रबंधाचं पहिलं पान उघडून त्याला मराठीत समजावून सांगितलं. पुढे परीक्षकांनीही ते इतकं मन लावून ऐकलं नाही.