मावशीच्या सैल बांगड्या

माझ्या मावशीने विधवा असताना हातभर बांगड्या भरल्या.
तेही चांदवडच्या भर बाजारात.

आज तिची पुण्यतिथी. दरवर्षी फोटो टाकते आणि दोन ओळी लिहून मोकळी होते. पण घरातल्या नव्या पिढीला ती नुसती 'फोटोतली कडक बाई' वाटते, म्हणून यंदा सगळं सांगते.

नाव अनसूया. खरं तर माझ्या आईची मावशी, पण सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची.

लग्न झालं आणि लगेच नवरा गेला. सासरी नकोशी, माहेरी जड. मग तिला नाशिकला नर्सिंगला घातलं. १९३०च्या दशकातली गोष्ट. तेव्हा नांदत्या बाईला या कामाला कोण पाठवणार?

नर्स मिळायच्या नाहीत. नर्सना शिकवणाऱ्या तर त्याहून नाहीत. खेड्यात सुईण हाच आधार, आणि बाळंतिणी तापाने पटापट जायच्या.

मावशीची थोरली बहीण, म्हणजे माझी सख्खी आजी, अशीच गेली. माझ्या आईचं बारसंही झालं नव्हतं.

त्यामुळे सुईणींना शिकवायला चांदवडला कोण जाईल, असं नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मावशीनेच हात वर केला.

डॉक्टर म्हणाले, "महिनाभर बघू. बायका टिकल्या नाहीत तर वर्ग बंद, आणि तू परत वॉर्डात."

पहिल्या दिवशी दवाखान्याची ओसरी भरली. मावशी खूश. पहिला धडा सुरू.

"आधी हात. कोपरापर्यंत साबणाने घासायचे. चला, बांगड्या काढा."

सगळ्यांनी हात पदराखाली घेतले.
मग एकेक उठली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर फक्त मांजर. पुढेही तेच.

मावशी चिडली. गावातली जुनी सुईण भागाबाई रस्त्यात दिसली, तिला तिने अडवलंच. "येत का नाही तुम्ही?"

भागाबाई शांतपणे म्हणाली, "बाई, तुझं हात मोकळं हायेत, त्याला तू तरी काय करशील. पन आमचं धनी जित्तं हायेत. आमालाबी तुज्यासारखं करती व्हय?"

हे मला सांगताना मावशी सत्तरीची होती. तरी आवाज खाली आला.
"अगं, मी साबणाचा विचार करत होते. स्वतःच्या मनगटांकडे बघायचं मी कधीच सोडलं होतं."

त्या दिवशी ती पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि थेट बाजारात जैनबबीच्या पुढ्यात जाऊन बसली. जैनबबी म्हणजे तिथली बांगड्या भरणारी मणियारीण.

"बांगड्या भर. मोठ्या मापाच्या."
"किसके वास्ते?"
"माझ्याच."

जैनबबीचा हात थांबला. "बेटी, लोक लय बोलतील."
"बोलू देत. तू भर."

लोक बोललेच. 'रांडव बाई चुडा भरती!' म्हणत अर्धा बाजार गोळा झाला. गर्दीत सुईणीही होत्या. मावशीला तेच हवं होतं.

तिने त्या सैल बांगड्या सरसर कोपराच्या वर चढवल्या. वरून फडक्याची पट्टी घट्ट बांधली. पिशवीतून साबण काढला आणि जैनबबीच्या घागरीतल्या पाण्याने, सगळ्यांच्या देखत, कोपरापर्यंत हात घासले.

"हात स्वच्छ. बांगडी जागेवर. आता बोला!"



मग भागाबाई पुढे आली, बसकण मारली आणि हात पुढे केला.
"जैनब, मलाबी हिच्यावानी सैल भर."

त्या बाजारात मोठ्या मापाच्या बांगड्या संपल्या. सगळ्यात जास्त खूश जैनबबी!

महिना संपला. डॉक्टर आले, तर ओसरीत पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येकीच्या दंडाला पट्टी.
"हे काय?"
"युनिफॉर्म," मावशी म्हणाली.

वर्ग बंद झाला नाही. त्यानंतर भागाबाईच्या हातची एकही बाळंतीण तापाने गेली नाही. पुढे तिने सटाण्याकडच्या आपल्या माहेरी जाऊन तिथल्या सुईणींना शिकवलं, चक्क तिकडच्या अहिराणी बोलीत. शिकवणारी मिळत नव्हती ना? मावशीने ती गावातच तयार केली.

मी जन्मभर नर्सिंगच शिकवलं. तालुक्याला ट्यूटर मिळत नाही म्हणून मीटिंगमध्ये रडगाणं सुरू झालं की मी भागाबाईची गोष्ट सांगायचे. काही जण घड्याळ बघायचे. तरी सांगायचे.

मावशीने त्या दिवसानंतर हात कधी रिकामे ठेवले नाहीत. ती गेली तेव्हा मी आणि आईने तिला हिरव्या बांगड्या भरल्या, मोठ्या मापाच्या. नातेवाईक कुजबुजले. आईने तिकडे लक्षच दिलं नाही.

तिने त्या बांगड्या हळूच मावशीच्या कोपराच्या वर सरकवल्या.
"जाईल तिथे ही आधी हातच धुणार," म्हणाली.

मावशी, तू जिंकलीस गं.
तुझ्या त्या दोन्ही हातांना माझा भावपूर्ण नमस्कार.