दगडातली ऊब

मृतांच्या स्मरणदिनी संध्याकाळी आम्ही दफनभूमीत जातो आणि घरच्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. यंदा पहिल्यांदाच आईच्या कबरीवर लावल्या. सूर्य बुडाला होता, वारा नव्हता, तरी ज्योती सगळ्या एकाच बाजूला झुकल्या होत्या.

मी एक कलंडलेली मेणबत्ती सरळ केली.

"बोल की तिच्याशी," मावशी म्हणाली. "तुम्ही इंग्लिश मिडियमच्या पोरी देवाशीसुद्धा मनातल्या मनातच बोलता."

मी कबरीच्या काळ्या ग्रॅनाइटवर हात ठेवला. दगड कोमट होता, झोपलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

"आहे ना ऊब?" मावशीने हळूच विचारलं. "मी मुद्दाम बोलले नव्हते. म्हटलं, तुझं तुलाच कळू दे."

काळा रंग प्रकाश शोषून घेतो आणि त्याची उष्णता होते, हे मला ठाऊक आहे. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. जीवनाबद्दल फादरही जवळजवळ हेच सांगतात. ही दोन वाक्यं मी आजवर एकमेकांपासून लांब ठेवली होती. आता ती माझ्या तळव्याखाली एकत्र आली होती, आणि मला भीती वाटत होती.

शेजारची कबर तशाच दगडाची होती. दिवसभराचं ऊन तिच्यावरही पडलं होतं. नुसता हात लांबवायचा होता. ती कोमट लागली असती, तर ही ऊब फक्त उन्हाची ठरली असती. आणि गार लागली असती, तर?

माझा दुसरा हात तिकडे निघालेला दिसला, तेव्हा मी तो ओढणीत घट्ट गुंडाळून घेतला.