ओळखीचं अक्षर
गंजलेल्या पत्र्याचा वास आला की मला कोयनानगरच्या रस्त्यावरचं आमच्या वायरमन प्रशिक्षण केंद्रातले ते जुने दिवस आठवतात. मी तेव्हा तिथं शिकवायचो. दाराशी पत्र्याची तक्रारपेटी होती आणि तिची किल्ली संचालकांच्या मोटारसायकलच्या किल्लीलाच अडकवलेली असायची. एके सकाळी त्यांनी मला बोलावलं, चहा मागवला आणि पेटीतली एक बिननावाची चिठ्ठी पुढं सरकवली. खांबावर चढायचे सुरक्षा पट्टे कुजलेत, तरी तपासणीच्या कागदावर सह्या होतात, असं तिच्यात लिहिलं होतं. त्या सह्या माझ्या होत्या. चिठ्ठीशेजारी त्यांनी वर्गाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला. “सर, अक्षर कुनाचं हाय तेवढं सांगा. आपण काय करनार न्हाई.” बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता. मी चहा संपवला आणि गठ्ठ्यातली एका मुलीची उत्तरपत्रिका वर काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी मैदानातल्या खांबावर चढायला पहिलं नाव तिचंच पुकारलं आणि पट्टा संचालकांनी स्वतः निवडून दिला. ती चढत असताना मी खाली उभा राहून पट्ट्याची उसवलेली शिवण बघत होतो. पट्टा टिकला. उतरल्यावर तिनं तो माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, “माझं अक्षर तुमच्याबिगर कुनाला म्हाईत न्हवतं, सर.” ती पुन्हा आली नाही. आता संचालकांच्या खुर्चीत मी बसतो. किल्ली माझ्याकडं असते, दर सोमवारी मी पेटी उघडतो, आणि गेली कैक वर्षं तिच्यातून नुसता पत्र्याचा वास येतोय.