सायकल वर गेली, चढ खाली राहिला

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. परभणीत वसमत रोडच्या मागच्या वस्तीत, घराच्या पोर्चमधल्या दिव्याखाली सुकेशनी वाव्हळे सायकलची साखळी पुसत बसल्या आहेत. आधी रॉकेलचा बोळा, मग कोरडं फडकं, मग प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब. सायकल बारीक चाकांची, वाकड्या हँडलची. पाच वर्षांपूर्वी पुण्याहून जुनी घेतलेली. गल्लीत तिला रेसची सायकल म्हणतात.

पती सिद्धोधन चहाचे कप घेऊन दारात येतात.

"अंघोळ झाली असेल तर तीट लाव तिला," ते म्हणतात.

"तुमी चहा ठेवा तिथं."

सुकेशनीताई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. कृषी विद्यापीठात प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करतात. वीस वर्षं त्या साध्या लेडीज सायकलवर कामाला जात आल्या, अजूनही जातात. ही दुसरी सायकल लांबच्या रस्त्यांसाठी. तिच्यावर त्या जिंतूरचे डोंगर चढल्या आहेत आणि चारठाण्याच्या जुन्या मंदिरांच्या सावलीत डबा खाऊन परत आल्या आहेत. उद्या शनिवारी त्यांना दोनशे किलोमीटर जायचं आहे, साडेतेरा तासांच्या आत. पंधरा दिवसांपूर्वी हेच अंतर त्यांना वेळेत जमलं नाही. कारण पायांत नव्हतं, राणीसावरगावच्या अलीकडच्या चढावर होतं. पण त्याआधी इंग्लंडचं सांगावं लागेल.

त्यांची मुलगी अर्पिता शिष्यवृत्तीवर शेफील्डला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. गेल्या जूनमध्ये सुकेशनीताई तिच्याकडे अठरा दिवस राहिल्या. अर्पितानं आईसाठी एक सायकल मागून आणली आणि रविवारी आपल्या क्लबच्या लोकांबरोबर डर्बीशायरच्या डोंगरांत नेलं.

त्या दिवसाबद्दल सुकेशनीताई हळू बोलतात, मधेच थांबतात. रस्ता एका बैलगाडीपुरता. दोन्ही बाजूंना दगडी पौळ, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. आणि ती पौळ डोंगराच्या माथ्यापर्यंत गेलेली. मेंढ्या होत्या, मेंढपाळ कुठेच नव्हता. त्यांनी सायकल थांबवून त्याची वाट पाहिली. कळप रस्त्यात बसला आहे तर कोणीतरी येऊन हाकेल, असं त्यांना वाटलं. अर्पिता मागे येऊन म्हणाली, "आई, कोण येणार नाही. तूच हाक."

गावं पाच-पंचवीस घरांची. एका घराच्या चौकटीवर कोरलेलं साल शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचं होतं, आणि त्याच चौकटीत आज कोणाचा तरी ओला रेनकोट अडकवलेला होता. चर्चचं दार नुसतं लोटलेलं. आत कोणी नाही. जमिनीच्या फरश्या म्हणजे थडगी. आठशे वर्षं लोक त्यांवरून चालत आल्यामुळे नावं पुसली गेली होती. सुकेशनीताईंनी बूट काढले. फरशी बर्फासारखी गार होती. "तिथं मला माझा आवाज काढावासा वाटेना," त्या सांगतात. त्या बाहेर आल्या तेव्हा बाकीचे लोक केक खात होते.

चढ त्यानंतर आला. आपल्याकडे घाटाचा रस्ता वळणं घेत, माणसाला दम खाऊ देत वर जातो. तिथली जुनी वाट सरळ वर गेली होती, भिंतीला शिडी लावावी तशी. पुढचं चाक उचलायला लागलं. अर्ध्यावर सुकेशनीताई उतरल्या आणि सायकल ढकलत निघाल्या. कुंपणाची झुडपं कापणारी एक म्हातारी बाई भिंतीवरून वाकून बघत होती. तिनं पाणी हवं का विचारलं, दिलं आणि पुन्हा कात्री हातात घेतली. माथ्यावर क्लबचे सगळे उभे होते. अर्पिताही होती. कोणी खाली आलं नाही.

परभणीत असं होत नाही. इथे साखळी पडली तरी दोन मोटारसायकली थांबतात.

"खाली का नाही आलीस?" वर पोचल्यावर त्यांनी लेकीला विचारलं.

"तू बोलावलं नाहीस."

त्याचा राग आला होता, असं त्या मान्य करतात. संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड होता. तो चढ खिडकीतून दिसत नव्हता, पण त्या त्याच दिशेला बघत बसल्या. तोपर्यंत राग गेला होता आणि तो चढ न उतरता चढायचा, हे ठरलं होतं.

येत्या जूनमध्ये त्याच डोंगरांतून, त्याच गावांवरून तीनशे किलोमीटरची एक फेरी आहे. मायलेकींनी बरोबर जायचं आहे आणि वाटेत तो चढ आहे. त्यात नाव घालायचं तर आधी आपल्या देशात दोनशे किलोमीटर ठरलेल्या वेळेत पूर्ण केल्याचा दाखला लागतो, तोही जानेवारी संपायच्या आत. परभणीत अशा दोनच फेऱ्या ठरल्या होत्या. पहिली पंधरा दिवसांपूर्वी झाली. दुसरी उद्या.

नियम थोडे आहेत. दमलात तर बसा, जेवा, झोपा. सायकल हातात धरून चालत गेलात तरी चालतं. पण सगळं अंतर माणूस आणि सायकल दोघांनी माणसाच्याच जोरावर कापायचं. लिफ्ट घेतली की फेरी संपली.

वाट अशी: परभणीहून गंगाखेड, गोदावरीचा पूल ओलांडून राणीसावरगाव, तसंच परत परभणी, मग मानवत आणि पुन्हा परभणी. राणीसावरगावच्या आधी डोंगर लागतो. त्या दिवशी समोरून वारा होता. चढाच्या पायथ्याशी हापशावर सुकेशनीताईंनी बाटली भरली, पोटऱ्या चोळल्या, सायकल बाभळीला टेकवली आणि त्या तुरीच्या रानात आडोशाला गेल्या. परत आल्या तर बाभळीखाली सायकल नव्हती.

हापशाजवळ कमलबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, रस्त्याकडेच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहणाऱ्या.

"बसा बाई जराशा," त्या म्हणाल्या. "सायकल भागवतनं नेली वर."

"कोण भागवत?"

"माझा ल्योक. टेम्पो घेऊन वर जायलाच लागला होता. म्हनलं घाल ती सायकल बी. बाईमानूस लय दमलंय, मोकळं मोकळं चालत जाईल."

"मला विचारायचं तरी."

"त्यात काय इचारायचं?"

सुकेशनीताई चालत वर गेल्या. मोबाइल त्यांच्या खिशात होता, म्हणजे त्यातल्या नोंदीत बाई चढ चालत चढल्याचं दिसलं असतं, आणि चालणं नियमात बसतं. मागचे सायकलवाले अजून गंगाखेडलाही पोचले नव्हते. वर चहाच्या टपरीवर भागवत सायकलची राखण करत बसला होता. टपरीवरच्या पोरांनी घंटी शोधली होती आणि सापडली नाही म्हणून ती निराश झाली होती.

"ताई, लय हलकी हाय की," भागवत म्हणाला. "एका हातानं उचलली. पोटाला देत न्हाई का हिला?"

सुकेशनीताई हसल्या. त्यांनी चहा घेतला. मग सायकलचं तोंड उताराकडे वळवलं.

"तिकडं कुठं? खाली काय राहिलं का?"

"चढ राहिला."

"आत्ता तर चढून आलात."

"मी आले. सायकल नाही आली."

"ती तर तुमच्या आधी आली."

त्यांनी नियम सांगितला. भागवतनं पहिलं बक्षीस किती ते विचारलं. बक्षीस नसतं म्हटल्यावर त्यानं टपरीवर इकडेतिकडे पाहिलं.

"मी कुणाला सांगत न्हाई," मग तो म्हणाला. "आई बी न्हाई सांगणार."

"चहा चांगला होता, भाऊ," त्या म्हणाल्या आणि उतरल्या.

त्या दोन्ही ब्रेक धरून उतरल्या. सपाट काळ्या रानातल्या माणसाला उताराचा भरवसा येत नाही. इंग्लंडमध्येही लेक यावरून बोलली होती. हापशाजवळ त्यांनी मागचं चाक बाभळीच्या बुंध्याला लावलं, होतं तिथे. कमलबाई बघत होत्या.

"पुन्हा आल्या की. सायकल खराब केली का त्यानं?"

"नाही मावशी. हिला मलाच न्यावं लागतं."

कमलबाईंना नियम कळला की नाही, सांगता येत नाही. त्यांना एवढं कळलं की या बाईनं चढ चढून, उतरून पुन्हा चढायला घेतला आहे, आणि कोणी तिला तसं करायला सांगितलेलं नाही. त्या उठून मागोमाग चालायला लागल्या.

अर्ध्यावर, खड्या वळणाला, सुकेशनीताई सायकलवरून उतरल्या. शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या तिघी बांधावर आल्या आणि ढकलायला पुढे झाल्या. मागून कमलबाईंचा आवाज आला.

"हात लावू नका गं कुनी."

"का वो मामी?"

"तिचं तिला नेऊ द्या."

तिघींनी हात मागे घेतले. नंतर जे झालं ते त्या चौघी वेगवेगळं सांगतात, पण एक गोष्ट सारखी सांगतात. त्या बाईबरोबर वरपर्यंत चालल्या. कापसाच्या झोळ्या पोटाशी बांधलेल्या आणि हात पाठीमागे धरलेले, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. शेवटच्या टप्प्यात सुकेशनीताई पुन्हा सायकलवर बसल्या. टपरीवरचे लोक उभे राहिले. भागवतनं हातातला कप खाली ठेवला. कमलबाई सांगतात, "देवीची पालखी जाताना कसं गप बसतंय मानूस, तसं झालं."

सुकेशनीताईंना यातलं फारसं आठवत नाही. त्यांना पुढच्या चाकासमोरचा डांबराचा तुकडा आठवतो. आणि दगडी भिंतीवरून वाकलेली ती कात्रीवाली बाई. तिनं पुन्हा कात्री का उचलली, ते तेव्हा कळलं, असं त्या म्हणतात.

संध्याकाळी साडेसातला मुदत संपली. परभणी स्टेशनसमोर फेरीचे आयोजक नागनाथ टेबल टाकून बसले होते. सुकेशनीताई आल्या तेव्हा त्यांनी घड्याळ पुढे केलं.

"ताई, बावीस मिनिटं."

"माहितेय."

"काय झालं?"

"घाटात वेळ गेला."

याहून जास्त त्या बोलल्या नाहीत. अर्पितालाही फोनवर एवढंच सांगितलं. गेल्या रविवारी त्या सरावासाठी पुन्हा त्या चढावर गेल्या, तेव्हा कमलबाईंनीच विचारलं, त्या दिवशी पोचलात का वेळेवर. खोटं सांगण्याचं कारण नव्हतं; दाखला हुकला आणि त्यावाचून लेकीबरोबर इंग्लंडच्या फेरीला जाता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. कमलबाईंनी आखाड्याकडे तोंड करून भागवतला हाक मारली. त्यानंतर त्या मुलाला जे बोलल्या त्यातलं छापण्याजोगं एवढंच आहे: "तुझ्या टेम्पोपायी बाईचं इमान चुकलं." विमान अजून चुकलेलं नाही, जूनमध्ये आहे, हे सुकेशनीताईंनी समजावून पाहिलं. उपयोग झाला नाही. शनिवारी टेम्पो या रस्त्यावर दिसता कामा नये, असा आईचा हुकूम निघाला.

"मग ताई, मानवतलाच भेटतो," भागवत म्हणाला. "तिथं चढ न्हाई."

पोर्चमध्ये आता उजाडलं आहे. साखळी पुसून झाली. टायरमधली हवा उद्या पहाटे भरायची, आज नाही.

फेरी उद्या सकाळी सहाला परभणी स्टेशनसमोरून सुटते. भागवतचा टेम्पो कापूस घेऊन सातला मानवतकडे निघतो. तिथे कापसाच्या बाजारात रांगेत नंबर लागून माप व्हायला दिवस जातो, आणि सुकेशनीताई मानवतला पोचतील त्या संध्याकाळकडेच.